व्याकरण बरोबर, तरी निबंध फिका: बी-२ नंतरचं स्पॅनिश लेखन कसं वाढवायचं

विद्यापीठात स्पॅनिश शिकताना एक टप्पा असा येतो की तपासून आलेल्या निबंधावर लाल शाई फारशी दिसत नाही आणि गुण मात्र जेमतेमच असतात. क्रियापदं नीट चाललेली असतात, लिंग-वचन जुळलेलं असतं, तरी खाली शेरा असतो की लेखन 'पोब्रे' आहे, म्हणजे दरिद्री. बी-२ (युरोपीय भाषा-मोजपट्टीतली सहापैकी चौथी) पातळी पार केलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा शेरा कधी ना कधी मिळतो. तो मिळाला की बहुतेक जण आणखी एक व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसतात. माझ्या मते या टप्प्यावर त्याचा उपयोग थोडाच. नवा निबंध लिहिण्यापेक्षा जुनाच निबंध चार-पाच वेळा, दर वेळी वेगळ्या नजरेनं, पुन्हा लिहिला तर लेखन जास्त लवकर सुधारतं. या लेखाचा बराचसा भाग त्या पुनर्लेखनाबद्दल आहे.

सब्जंक्टिव्हची, म्हणजे इच्छा, शंका, शक्यता दाखवणाऱ्या क्रियापदांची, रूपं अजून अडखळत असतील तर आधी ती पक्की करा. खालचं सगळं त्यानंतरचं आहे. आणि एक सूचना: स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराला धरून दिले आहेत. वहीत उतरवताना शब्दकोशातून मूळ स्पेलिंग पाहूनच उतरवा.

लिहायचं काय आहे, ते आधी ओळखा

'निबंध लिहा' असं म्हटलं तरी स्पॅनिश विभागात त्याचे वेगवेगळे अर्थ होतात. रेसुमेन म्हणजे सारांश: त्यात तुमचं मत येत नाही, अवतरणं येत नाहीत, काळ वर्तमान. रेसेन्या म्हणजे परीक्षण: तिथे मत हवंच, नुसतं कथानक सांगून भागत नाही. एन्सायो (वैचारिक निबंध) आणि मोनोग्राफिया (एकाच विषयावरचा प्रबंध) यांत तुमचा दावा आणि त्याचे पुरावे लागतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कोमेन्तारिओ दे तेक्स्तोमध्ये. उताऱ्यावरचं हे भाष्य स्पॅनिश शिक्षणपरंपरेत फार मुरलेलं आहे आणि त्याचा क्रम जवळपास ठरलेला आहे: उतारा कुठला, केव्हाचा, विषय, रचना, मग भाषा आणि शैलीचं विश्लेषण, शेवटी निष्कर्ष. बहुतेक विद्यार्थी घसरतात ते 'विषय' या पायरीवर. विषय म्हणून ते कथानक सांगतात: 'एक म्हातारा खिडकीत बसून रस्ता पाहतो.' तपासणाऱ्याला हवा असतो एक अमूर्त नामसमूह: 'एल मिएदो आल पासो देल तिएम्पो', काळ सरून जाण्याची भीती. विषय असा एका ओळीत बसला नाही तर उतारा अजून कळलेला नाही असं खुशाल समजा आणि पुन्हा वाचा. पुढच्या विश्लेषणातलं प्रत्येक निरीक्षण या ओळीला बांधायचं असतं. 'इथे तीन विशेषणं आहेत, इथे अनुप्रास आहे' अशी यादी केली तर तो हजेरीपट होतो, भाष्य होत नाही. अनुप्रासामुळे ती भीती वाचकाला कशी जाणवते, हे सांगितलं तरच त्याला गुण.

दुसरा धोका म्हणजे पाराफ्रासिस. उताऱ्यात जे आहे तेच आपल्या शब्दांत परत सांगणं. परिच्छेद लिहून झाला की स्वतःला विचारा: मूळ उतारा न वाचलेल्या माणसाला यातून फक्त गोष्ट कळली का? तसं असेल तर तो परिच्छेद काढून टाका.

वाचन: शब्दांपेक्षा सांगाडा पाहा

'भरपूर वाचा' हा सल्ला खरा असला तरी अर्धवट आहे. कादंबऱ्या वाचून भाषेचा कान तयार होतो, पण अकादमिक परिच्छेद कसा उभा राहतो ते त्यातून शिकता येत नाही. त्यासाठी तुम्हाला जे लिहायचं आहे तेच वाचायला हवं. ला रिओहा विद्यापीठाचं दिआल्नेत आणि मेक्सिको राज्याच्या स्वायत्त विद्यापीठाचं रेदालिक या दोन ठिकाणी स्पॅनिशमधले शोधलेख आणि परीक्षणं मोठ्या संख्येनं मोफत वाचायला मिळतात. तुमच्या विषयातलं दोन-तीन पानांचं एक परीक्षण निवडा. मोठ्या शोधलेखाला लगेच हात घालू नका.

एकदा अर्थासाठी वाचून घ्या. मग दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदासमोर तो परिच्छेद काय *करतो* हे एका क्रियापदात लिहा: मांडतो, मर्यादा घालतो, विरोधी मत मान्य करतो, खोडतो, उदाहरण देतो. ही समासातली क्रियापदं ओळीनं वाचलीत की लेखाचा सांगाडा हातात येतो. जमलेल्या लेखात 'मान्य करतो' आणि 'मर्यादा घालतो' ही दोन क्रियापदं हमखास सापडतात. विद्यार्थ्यांच्या निबंधात नेमकी तीच नसतात. तिथे प्रत्येक परिच्छेद नुसता 'सांगतो'.

तिसऱ्या वाचनात वाक्यांचे साचे टिपा. पूर्ण वाक्य उचललं तर ती चोरी. साचा सगळ्यांचाच असतो. काही फार उपयोगी पडणारे साचे असे:

सी बिएन अमुक, नो एस मेनोस सिएर्तो के तमुक: अमुक खरं असलं तरी तमुकही तितकंच खरं.

नो से त्राता तान्तो दे अमुक कोमो दे तमुक: प्रश्न अमुकचा तितका नाही, जितका तमुकचा आहे.

लेहोस दे, आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप: अमुक करणं तर दूरच, उलट...

दे आइ के: म्हणूनच. यानंतर सब्जंक्टिव्ह येतोच. 'दे आइ के एल नार्रादोर काये', म्हणून निवेदक गप्प राहतो.

नो पोर्के (सब्जंक्टिव्ह), सिनो पोर्के (इंडिकेटिव्ह, म्हणजे वस्तुस्थिती सांगणारं रूप): 'नो पोर्के सेआ लार्गा, सिनो पोर्के कारेसे दे सेन्त्रो', ती लांब आहे म्हणून नव्हे, तर तिला केंद्र नाही म्हणून. सब्जंक्टिव्ह नुसता पाठ आहे की अंगवळणी पडला आहे, हे तपासणाऱ्याला या एका वाक्यावरून कळतं.

शब्द टिपतानाही एकटा शब्द टिपू नका, जोडी टिपा. 'पापेल' म्हणजे भूमिका, हे तुम्हाला माहीत असतंच. वहीत यायला हवं ते 'देसेम्पेन्यार उन पापेल', भूमिका बजावणं. तसंच 'प्लान्तेआर उन प्रोब्लेमा' (प्रश्न मांडणं), 'एहेर्सेर इन्फ्लुएन्सिआ' (प्रभाव टाकणं), 'प्रेस्तार आतेन्सिओन' (लक्ष देणं), 'कोमेतेर उन एर्रोर' (चूक करणं). क्रियापद आणि नामाच्या अशा पक्क्या जोड्या जमल्या की लेखनाचा दरिद्रीपणा झपाट्यानं कमी होतो.

दावा स्पॅनिशमध्येच लिहा

सुरुवातीचा विचार मराठीत करायला हरकत नाही. कच्चे मुद्दे, प्रश्न, शंका मराठीत उतरवा. डोकं मोकळं चालतं. पण निबंधाचा मुख्य दावा, ज्याला तेसिस म्हणतात, तो पहिल्यापासून स्पॅनिशमध्ये लिहा. मराठीत किंवा इंग्रजीत सुंदर वाक्य आधी तयार झालं की त्याचं भाषांतर करायचा मोह आवरत नाही, आणि मग तुमच्या स्पॅनिशला न पेलणारं वाक्य निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात येऊन बसतं.

दावा असा हवा की शहाणा माणूस त्याला विरोध करू शकेल. 'या कादंबरीतील स्त्री' हे शीर्षक झालं. 'या कादंबरीत स्त्रिया महत्त्वाच्या आहेत' यावर कोणी वाद घालणार नाही. 'कादंबरीतल्या स्त्रिया बोलतात फक्त मृतांविषयी, आणि त्यातूनच त्यांना घरात सत्ता मिळते' हा दावा. आता पुराव्यांची गरज आपोआप निर्माण होते.

पहिला खर्डा भरभर लिहा. शब्दकोश बंद. शब्द अडला तर चौकोनी कंसात मराठी शब्द टाका आणि पुढे चला. खर्डा वाईट असणारच, त्याची फिकीर नको. तो नंतर मोडायचाच आहे.

पुनर्लेखन: एका फेरीत एकच गोष्ट

सगळ्या चुका एकाच वाचनात पकडायला गेलं की डोळा टिल्डेवर (अक्षरावरच्या आघाताच्या तिरक्या रेघेवर) अडकतो आणि मुद्दा कच्चा राहून जातो. म्हणून फेऱ्या वेगळ्या करा, आणि शक्यतो दोन फेऱ्यांमध्ये एक रात्र जाऊ द्या.

*पहिली फेरी मुद्द्याची.* युद्धानंतरच्या काळावरच्या एका कादंबरीबद्दल विद्यार्थी साधारण असं लिहितो:

'ला नोवेला एस मुय इम्पोर्तान्ते पोर्के आब्ला दे ला गेर्रा. एल औतोर दिसे के ला गेर्रा एस माला. ताम्बिएन दिसे के लास पेर्सोनास सुफ्रेन मूचो. पोर एसो एस उना नोवेला इन्तेरेसान्ते.'

कादंबरी फार महत्त्वाची आहे कारण ती युद्धाबद्दल बोलते. लेखक म्हणतो युद्ध वाईट असतं. लोक फार सोसतात असंही म्हणतो. म्हणून ती रंजक आहे. व्याकरणाची एकही चूक नाही, आणि चार वाक्यांत कोणतीही माहितीही नाही. आता हे पाहा:

'मास के नार्रार ला गेर्रा, ला नोवेला मुएस्त्रा कोमो एस्ता से प्रोलोन्गा एन ला विदा कोतिदिआना दे किएनेस सोब्रेविविएरोन: एल सिलेन्सिओ एन ला मेसा, ला पुएर्ता के नादिए आब्रे, लोस नोम्ब्रेस के से एवितान.'

युद्ध सांगण्यापेक्षा, जे वाचले त्यांच्या रोजच्या जगण्यात ते कसं लांबत जातं हे कादंबरी दाखवते: जेवताना पसरलेली शांतता, कोणीच न उघडणारं दार, टाळली जाणारी नावं.

यात एकही अवघड शब्द नाही. बदललं ते वेगळंच. 'दिसे' जाऊन 'मुएस्त्रा' आलं, म्हणजे लेखकाच्या मताऐवजी मजकूर काय करतो ते आलं. 'मास के' या साच्यानं सुरुवातीलाच विरोध उभा केला. 'एस्ता' या सर्वनामानं 'गेर्रा'ची पुनरुक्ती वाचवली. आणि अपूर्णविरामानंतर (:) पुरावा आला, 'लोक फार सोसतात' या विधानाऐवजी. तुमच्या खर्ड्यातला सगळ्यात फिका परिच्छेद घ्या आणि एवढंच करून पाहा: 'मुय', 'इम्पोर्तान्ते', 'इन्तेरेसान्ते' हे तीन शब्द वर्ज्य. त्यांच्या जागी काय येतं ते पाहण्यासारखं असतं; पुष्कळदा काहीच येत नाही, आणि मग वाक्य उडवायचं.

*दुसरी फेरी वाक्यांच्या जोडणीची.* स्पॅनिश अकादमिक गद्य लांब वाक्यांना घाबरत नाही. तुटक वाक्यांची माळ त्यात पोरकट वाटते. तरी लांबी हे उद्दिष्ट नाही, नातं दाखवणं हे आहे. 'सिन एम्बार्गो' अपेक्षाभंग दाखवतं, 'एन काम्बिओ' दोन गोष्टींतला फरक दाखवतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. 'आओरा बिएन' वळण घेतं. 'पोर उन लादो' असेल तर पुढे कुठेतरी 'पोर ओत्रो लादो' यायला हवं. 'ओ सेआ', 'पुएस', 'बुएनो' हे बोलण्यातले, निबंधात नकोत. प्रत्येक परिच्छेद जोडशब्दानंच सुरू होत असेल तर निम्मे खोडा. नातं मुळात स्पष्ट असेल तर जोडशब्दाची गरज नसते, आणि नातंच नसेल तर जोडशब्द ते निर्माण करू शकत नाही.

'कूयो' हे संबंधी रूप वापरायला लागा. विद्यार्थी त्याला टाळतात. ते ज्याची मालकी त्याच्याशी जुळत नाही, ज्या वस्तूची मालकी सांगायची तिच्याशी जुळतं: 'उना औतोरा कूयोस क्वेन्तोस', जिच्या कथा अशी लेखिका. मराठीतल्या 'जिच्या'मधला '-च्या' कथांशी जुळतो तसंच, म्हणून आपल्याला हे खरं तर सोपं जावं.

'आउन्के'ची गंमतही मराठीतून पटकन कळते. 'आउन्के एल नार्रादोर मिएन्ते' म्हणजे निवेदक खोटं बोलतो (ही मी देत असलेली माहिती), तरी... 'आउन्के एल नार्रादोर मिएन्ता' म्हणजे निवेदक खोटं बोलत असला (ते आपण धरून चाललो आहोत), तरी... वाचकाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट मान्य करून पुढे जायचं असेल तर दुसरं रूप घ्या. वाद घालणाऱ्या गद्यात ते सतत लागतं.

*तिसरी फेरी शब्दांची.* 'कोसा' (गोष्ट), 'असेर' (करणं), 'तेनेर' (जवळ असणं), 'आबेर' (असणं), 'देसीर' (म्हणणं) हे पाच शब्द मजकुरात शोधा आणि रंगवा. सगळे काढायचे नाहीत. 'तेनेर सेन्तिदो' (अर्थ असणं) अगदी योग्य आहे. पण 'देसीर' दहा वेळा आलं असेल तर प्रत्येक ठिकाणी लेखक नेमकं काय करतोय ते विचारा. ठामपणे मांडतो: सोस्तिएने. लक्ष वेधतो: सेन्याला. नाकारतो: निएगा, आणि मग 'के'नंतर सब्जंक्टिव्ह. आधीच्या विधानाला बारकावा देतो: मातिसा. समानार्थी म्हणून नुसते आलटूनपालटून वापरू नका, कारण प्रत्येकाची भूमिका वेगळी आहे. स्पॅनिश गद्याला शब्दांची पुनरुक्ती खटकते हे खरं, पण पारिभाषिक शब्दाला हे लागू नाही; 'निवेदक' एकदा 'नार्रादोर' झाला की शेवटपर्यंत 'नार्रादोर'च.

याच फेरीत क्रियापदांची शब्दयोगी अव्ययं तपासा: देपेन्देर दे, कोन्सिस्तिर एन, बासार्से एन. आणि इंग्रजीतून घुसलेली रूपं पकडा. 'पागार आतेन्सिओन' नव्हे, 'प्रेस्तार आतेन्सिओन'. 'इव्हेन्चुअली'ची आठवण करून देणारं 'एवेन्तुआल्मेन्ते' म्हणजे 'अखेरीस' नव्हे, 'प्रसंगी'. 'सोपोर्तार' म्हणजे सहन करणं. दाव्याला आधार देणं म्हणजे 'रेस्पाल्दार'.

*चौथी फेरी आपल्या मराठीची.* ही फेरी स्पेनमध्ये छापलेल्या कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, कारण या सवयी खास आपल्या आहेत.

पहिली सवय '-ऊन'ची. 'जाऊन, पाहून, लिहून' अशी धातुसाधितं ओवत वाक्य पुढे नेण्याची आपल्याला इतकी सवय असते की स्पॅनिशमध्ये हेरुन्दिओचा, म्हणजे '-आन्दो', '-इएन्दो' रूपांचा, पूर येतो. हेरुन्दिओ मुख्य क्रियेच्या वेळीच चाललेली किंवा तिच्या लगेच आधीची गोष्ट सांगतो. नंतरची गोष्ट त्याच्याकडून सांगवून घेणं प्रमाण लेखनात दोष मानतात. 'एस्तुदिओ एन सालामान्का, मुरिएन्दो एन पारीस' असं लिहिलं तर सालामान्कात शिकता शिकताच तो पॅरिसमध्ये मेला असं होतं. तिथे साधं 'इ मुरिओ' लिहावं. तसंच नामाला चिकटलेला हेरुन्दिओ: 'उना लेय रेगुलान्दो' ऐवजी 'उना लेय के रेगुला'. खर्ड्यातला प्रत्येक हेरुन्दिओ अधोरेखित करा आणि प्रत्येकाला विचारा: एकाच वेळी किंवा लगेच आधी घडतंय का?

दुसरी सवय आर्टिकल गाळण्याची. मराठीत ते नाहीच, आणि इंग्रजीत सर्वसाधारण अर्थाच्या नामाआधी येत नाही, त्यामुळे दोन्हीकडून आपण फसतो. स्पॅनिशमध्ये वाक्याची सुरुवात कर्त्यानं होत असेल आणि तो सर्वसाधारण किंवा अमूर्त असेल तर आर्टिकल हवंच: '*ला* लितेरातूरा रेफ्लेहा *ला* सोसिएदाद'.

तिसरी, काळाची. मराठीत 'तो म्हणाला की तो येईल' असं बिनदिक्कत चालतं, कारण आपण बोलणाऱ्याचा मूळ काळ तसाच ठेवतो. स्पॅनिशमध्ये 'दिहो'नंतर साधारणपणे 'वेन्द्रिआ' लागतं. साहित्यावर लिहिताना यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे सगळं विश्लेषण वर्तमानकाळात ठेवणं, जी तशीही रीत आहे; भूतकाळ फक्त चरित्रातल्या आणि इतिहासातल्या घटनांसाठी.

एका बाबतीत मात्र मराठी आपल्या बाजूनं आहे. कर्ता उघड असेल तर आपण 'मी', 'तो' गाळतो, स्पॅनिशही गाळते. इंग्रजीतून शिकल्यामुळे निबंधभर 'यो' आणि 'एल' पेरलेले दिसतात. मराठी कानानं वाचा आणि काढून टाका.

*पाचवी फेरी टिल्डे आणि विरामचिन्हांची.* ही शेवटी, आणि शक्य असेल तर कागदावर छापून. 'आनालिसो'च्या शेवटच्या अक्षरावर टिल्डे असेल तर 'त्यानं विश्लेषण केलं', नसेल तर 'मी विश्लेषण करतो'. एका रेघेनं कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात. '-सिओन'नं संपणाऱ्या नामांना एकवचनात टिल्डे असतो, अनेकवचनात नसतो. 'सोलो' आणि 'एस्ते, एस्ता' यांसारख्या दर्शक सर्वनामांवर जुन्या पुस्तकांत टिल्डे दिसेल. स्पॅनिश अकादमीच्या २०१० च्या 'ओर्तोग्राफिआ'पासून (शुद्धलेखनाच्या नियमांच्या पुस्तकापासून) त्याची गरज उरलेली नाही.

कर्ता कितीही लांब असला तरी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यायचा नाही. स्पॅनिश शिक्षक याला 'कोमा क्रिमिनाल' म्हणतात, यावरून त्यांचा राग ओळखा. पूर्णविराम अवतरणचिन्ह मिटल्यानंतर येतो. महिने, वार आणि भाषांची नावं लहान अक्षरानं, आणि पुस्तकाच्या शीर्षकातही फक्त पहिला शब्द मोठ्या अक्षरानं, पुढे विशेषनाम असेल तर तेही.

अवतरण आणि 'मी'

'सेगून' (अमुकच्या मते) वापरलं की पुन्हा 'दिसे के' नको: एकतर 'सेगून अमुक,' आणि थेट विधान, नाहीतर 'अमुक आफिर्मा के'. एपीए या संदर्भ देण्याच्या प्रचलित पद्धतीत चाळीस किंवा त्याहून जास्त शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय येतं. आणि स्पॅनिशमध्ये लिहिताना दोन लेखकांची नावं 'इ'नं जोडली जातात. अवतरणानंतर तुमचं निदान एक वाक्य आलंच पाहिजे. अवतरणावर संपणारा परिच्छेद म्हणजे दुसऱ्याला बोलायला सांगून स्वतः उठून जाणं.

'मी' लिहायचं की नाही, हे विभागागणिक बदलतं. विचारून घ्या आणि एकच रूप शेवटपर्यंत ठेवा. 'से'ची, कर्ता न सांगणारी, रचना घेतलीत तर जुळणी सांभाळा: 'से आनालिसान लोस पोएमास' इथे क्रियापद कवितांबरोबर अनेकवचनी, पण 'से आनालिसा आ लोस पेर्सोनाहेस' इथे व्यक्तींआधी 'आ' आल्यामुळे ते एकवचनी.

कोणत्या देशाची स्पॅनिश, हाही प्रश्न येतो. कोणतीही चालते, सरमिसळ चालत नाही. संगणकासाठी स्पेनमधला 'ओर्देनादोर' आणि लॅटिन अमेरिकेतला 'कोम्पुतादोरा' एकाच निबंधात नकोत.

कोणाला विचारायचं

रेआल अकादेमिआ एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीची (स्थापना १७१३) साधनं इंटरनेटवर मोफत आहेत. अर्थासाठी तिचा शब्दकोश. 'हे बरोबर की ते' अशा शंकांसाठी २००५ मध्ये प्रथम आलेला 'दिक्सिओनारिओ पानिस्पानिको दे दूदास'. रोजच्या वापरातल्या नव्या शंकांना फुन्देउ ही भाषासल्ला देणारी संस्था छोटी, वाचनीय उत्तरं देते. पण विद्यार्थ्यांनी सगळ्यात कमी वापरलेलं आणि मला सगळ्यात मोलाचं वाटणारं साधन म्हणजे अकादमीचा कोर्पेस हा मजकूरसंग्रह. एकविसाव्या शतकातले, सगळ्या स्पॅनिशभाषक देशांतले मजकूर त्यात आहेत. 'इन्फ्लुएन्सिआ'च्या आधी कोणती क्रियापदं येतात ते तिथे शोधा. शब्दकोश जे सांगत नाही ते पाच मिनिटांत डोळ्यांसमोर येतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल विद्यापीठाचा नियम आधी वाचा. परवानगी असेल तरी 'हे सुधारून दे' असं सांगू नका. गुळगुळीत मजकूर मिळतो आणि हात आहे तिथेच राहतो. 'चूक कुठे आहे ते फक्त दाखव, दुरुस्त करू नकोस' असं सांगा. दाखवलेली प्रत्येक चूक खरी असतेच असं नाही, ती वरच्या साधनांत पडताळा.

शिक्षकाच्या शेऱ्यांची एक वही ठेवा, पण तारखेप्रमाणे नको, चुकीच्या प्रकाराप्रमाणे: आर्टिकलचं पान, हेरुन्दिओचं पान, शब्दयोगी अव्ययांचं पान. चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य आणि तुम्ही त्याच साच्यात नव्यानं केलेलं तिसरं वाक्य. दोन-तीन निबंधांत लक्षात येतं की आपल्या बहुतेक चुका मोजक्याच पानांवर जमताहेत. चौथ्या फेरीची यादी मग माझ्याऐवजी या वहीतून घ्या.

परीक्षेत फेऱ्या कशा बसवायच्या

इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पेनच्या भाषा-संस्थेच्या देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र-परीक्षेत सी-१ (बी-२च्या पुढच्या) पातळीला ऐकणं आणि लिहिणं एकत्र येतं. ८० मिनिटांत दोन कामं: एक भाषण ऐकून टिपणं काढून २२० ते २५० शब्दांचा मजकूर, आणि दुसरा १८० ते २२० शब्दांचा. पाच फेऱ्यांना तिथे वेळ नसतो. ऐकताना वाक्यं उतरवू नका, वक्त्याचा सांगाडा उतरवा. वाचनात केलेली समासातली क्रियापदं इथे कामी येतात. मुद्द्याची फेरी लिहायच्या आधीच, आराखड्यावर करून टाका. प्रत्येक मजकुरामागे शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि त्यात संपूर्ण मजकूर वाचत बसू नका. तुमच्या वहीत ज्या दोन पानांवर सर्वाधिक नोंदी आहेत, फक्त त्याच दोन चुका शोधत डोळा फिरवा. शब्दमर्यादा ओलांडली असेल तर आधी विशेषणं काढा, उदाहरण सगळ्यात शेवटी.